बिडी सुटल्यावर चढलेलं वजन

आमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, वेस्ट धागा तोलायचा मोठा काटा आहे, जमिनीवर ठेवलेला, लोखंडी पत्र्याचा. मी बिडी सोडल्यानंतर दर शनिवारी मला त्या काट्यावर उभं करायचे. माझ्यासोबत काम करणारा रघुनाथ आकडा मोठ्याने वाचायचा आणि बाजूच्या खांबावर मार्करने लिहायचा. चोपन्न. सत्तावन्न. साठ. प्रत्येक आकड्याला चार माणसं हसायची, त्यात मीही असायचो.

हे मी लिहितोय ते माझ्या वयाच्या माणसांसाठी. पन्नाशी उलटल्यावर ज्यांनी बिडी-सिगरेट सोडली आहे किंवा सोडू म्हणतायत, आणि त्यानंतर ज्यांचं पोट पुढे आलं आहे. मी काही डॉक्टर नाही. सुरतेत सचिन नावाच्या औद्योगिक वस्तीच्या बाजूला एका वॉटरजेटच्या खात्यात कापडाचे ताके, म्हणजे तागे, तपासतो, बायकोमुलासोबत गोडादऱ्यात राहतो. मला जे कळलं ते फार उशिरा कळलं. का उशीर झाला, तेवढं मात्र मी नीट सांगू शकतो.

* * *

मी अमळनेरकडचा. सुरतेला आलो तेव्हा मिसरूड फुटत होतं, आणि वर्षभरात खिशात बिडीचं बंडल आलं. खात्यात बिडीला सक्त मनाई, कारण पॉलिस्टरचा धागा पेटला की आवरत नाही. त्यामुळे ज्याला बिडी ओढायची तो गेटबाहेर जाणार, हे मालकालाही मान्य. बारा तासांच्या पाळीत बिडीवाला सात-आठ वेळा बाहेरची हवा खातो. न ओढणारा बिचारा आतच, मशीनच्या धडधडीत कान किटवत बसलेला. आमच्याकडे पोरं बिडी शिकतात ती पुष्कळदा या सुट्टीसाठी शिकतात. मीही तसाच शिकलो, उगाच कुणावर आळ कशाला घेऊ.

गेल्या दिवाळीनंतर खोकला हटेना. गल्लीतल्या डॉक्टरने छातीला नळी लावली, बराच वेळ लावली, आणि म्हणाला, "भिकनभाई, आता एकतर बिडी राहील नाहीतर तुम्ही." मी त्याच दिवशी बंडल गटारात टाकलं. वय अठ्ठावन्न. माझी बायको सुमन खूश व्हायला हवी होती, तर तिचं तोंड उतरलं. तिला माझा मोठा भाऊ आठवला. आनंदादादाने गावी बिडी सोडली, सहा महिन्यांत अंगाने चांगला भरला, आणि एका सकाळी ओट्यावर बसल्या बसल्या गेला. सगळं गाव अजून म्हणतं, जुनी सवय एकदम तोडली म्हणून आनंदा गेला. मी सुमनला हसलो, पण ती गोष्ट माझ्याही पोटात जाऊन बसली.

पहिले पंधरा दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. हात रिकामा, तोंड रिकामं. गेटबाहेर जायची सुट्टी तर सोडवत नव्हती, म्हणून बाहेर जायचो आणि लारीवर, म्हणजे हातगाडीवर, खायचो. सकाळी डाळीचा वाफवलेला लोचो, दुपारी पापडी-गाठिया, संध्याकाळी चहात बुडवून खारी. चव परत आली होती. चाळीसेक वर्षांनी मला कांद्याचा खरा वास आला, त्याने डोळ्यांत पाणी आलं, आणि हे मी कुणालाच सांगितलं नाही.

वजन वाढू लागलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेलो तेव्हा बासष्ट होतं. आमच्याकडे माणूस जाड झाला की लोक कौतुक करतात. चार घरं फिरलो, चारही घरी एकच वाक्य, "तब्येत सुधारी गई." सुमनही आता मोठ्या अभिमानाने शेजारणीला सांगायची, "देखा, गाल कसा भरी उनात." शेठने एक दिवस मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "भिकनभाई, तमे तो शेठ थई गया!" मी सबंध दिवस छाती काढून फिरलो.

इथपर्यंतचं वजन खरं होतं. खाल्लेल्याचं होतं.

* * *

चौसष्टवर मात्र आमच्या गोपालने, माझ्या मुलाने, लगाम ओढला. तो एम्ब्रॉयडरीच्या खात्यात आहे, मोबाइलवर कसरतीचे व्हिडिओ बघतो. म्हणाला, "पप्पा, आजथी भात बंध, साखर बंध. चालवानुं." सुरतेत वाढलेला, त्याचं मराठी असंच गुजरातीत मिसळतं. मीही मनावर घेतलं. भात सोडला, गोड सोडलं, लारी सोडली. भुकेला जिरं-मीठ घातलेलं ताक, दिवसाला चार-पाच गिलास. सोबत भाजलेला पापड. आणि बिडीची आठवण आली की तोंडात टाकायला खिशात खारी सिंग, म्हणजे मिठातले शेंगदाणे. जिथे बंडल असायचं त्याच खिशात पुडी. मला वाटलं, मी फार शहाणपणाने वागतोय. तेलाचा थेंब नाही, साखरेचा कण नाही, आता वजन जाईल कुठे?

वजन वर गेलं. सहासष्ट. पुढच्या शनिवारी अडुसष्ट. रघुनाथ ओरडला, "दादा, चोरून खातोस!" मी चिडलो, कारण मी खरोखर अर्ध्या भाकरीवर होतो. मग ती अर्धीही कमी केली आणि ताक वाढवलं.

चालायला जायचो तर खाडीच्या रस्त्याला पहिल्या विजेच्या खांबाशी दम लागायचा. आधी तिसऱ्या खांबाला लागायचा. मी म्हणायचो, वजन वाढलंय म्हणून दम लागतो. चपलेचा पट्टा रुतायला लागला, म्हटलं पाय जाड झाले. आडवं झालं की खोकला यायचा आणि छातीवर कुणी बसल्यासारखं वाटायचं, म्हणून भिंतीला टेकून बसून झोपू लागलो. सुमनला सांगितलं, पाठ धरलीय. बिडीच्या दिवसांपासून तिला खोटं सांगायची जिभेला सवय होती. "आज दोनच ओढल्या," हे मी तिला वर्षानुवर्षं सांगत आलो होतो आणि ती वर्षानुवर्षं "बरं" म्हणत आली होती.

मनातून मी घाबरलो होतो. रघुनाथ म्हणाला, बिडीने भूक मरते, पुन्हा सुरू कर, महिन्यात सुकशील. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, तो माझं भलंच बघत होता. मी नाही म्हणालो. पण त्या दिवसापासून आनंदादादा रोज आठवायला लागला. तोही असाच भरला होता. मी दिवस मोजायला लागलो, त्याने सोडल्यापासून सहा महिने, मी सोडल्यापासून सात. वाटायचं, माझी उसनी पाळी चालू आहे.

* * *

आषाढातली दुपार होती. मी घरीच होतो, कारण जिना उतरून रिक्षापर्यंत जाणं होत नव्हतं. सुमन साडीला टिकल्या चिकटवत बसली होती, हे काम ती घरी घेते. मध्येच उठली, डब्यामागून बिडीचं बंडल काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. सकाळी कोपऱ्यावरच्या पानाच्या गल्ल्यावर जाऊन तिने ते स्वतः आणलं होतं. या बाईने बिडीवरून माझ्याशी अबोला धरला होता, एकदा माहेरी निघून गेली होती. आणि तीच म्हणाली, "जवय बिडी ओढेत तवय तुम्ही बरा व्हतात. ओढा एक."

मला रडू आलं. तिच्या भीतीचं रडू होतं ते, माझ्या नव्हे.

मी बिडी पेटवली. खोटं कशाला सांगू, मी नकार दिला नाही. तोंडात धरली, ओढली, आणि ती विझली. बिडीला जोर लागतो, ओढत राहिलं नाही तर ती विझते. दुसरी काडी ओढली, पुन्हा विझली. तिसऱ्यांदा मी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून प्रयत्न केला. एका बिडीपुरताही श्वास माझ्यात राहिला नव्हता.

सुमनने माझ्या हातातून बिडी घेतली. तिच्या जळक्या टोकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "गोपालले फोन लावस मी," म्हणाली. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

* * *

मोठ्या दवाखान्यात जी डॉक्टर होती ती माझ्या मुलीच्या वयाची असेल, मला मुलगी असती तर. तिने माझी छाती नंतर तपासली. आधी पँटचा पाय वर सरकवला, नडगीवर अंगठा दाबून धरला आणि काढला. तिथे खड्डा पडला. पिठात बोट दाबल्यासारखा, आणि तो भरेना. आम्ही तिघंही त्या खड्ड्याकडे बघत राहिलो.

"आ चरबी नथी, काका," ती म्हणाली. "पाणी छे."

मला एकदम लाज वाटली. वॉटरजेटच्या मशीनमध्ये धागा पाण्याच्या फवाऱ्याने जातो, त्यामुळे कापड ओलसर निघतं. नीट न सुकवलेला ताका काट्यावर जड भरतो आणि नंतर आत बुरशी धरतो. असा ताका हाताला लागताच बाजूला काढणं, एवढंच माझं काम. बावीस वर्षं मी ते करतोय. हाताने ओल ओळखणारा माणूस दर शनिवारी स्वतः काट्यावर चढत होता आणि हसत होता.

फोटो झाले, पट्ट्या निघाल्या. हृदय थकलं होतं. डॉक्टरने विचारलं, मागे कधी छातीत दुखलं होतं का. मी नाही म्हणालो. मग आठवलं, दोन वर्षांपूर्वी एक अख्खा दिवस छातीत जळजळ झाली होती, घाम फुटला होता, मी त्याला पित्त म्हणालो होतो. सोडा प्यायलो आणि वर एक बिडी ओढली. ती म्हणाली, तो झटका होता. हृदयाचा तेवढा भाग तेव्हाच गेला, उरलेलं आजवर ओढत होतं. वर रोजचं ताक, पापड, सिंग. एवढं मीठ अंगात गेलं की पाणी थांबणारच.

मी तिला जे विचारायचं होतं ते विचारलं. बिडी सोडल्यामुळे झालं का हे? ती पहिल्यांदाच चिडली. "काका, बीडी छोडी ए सारुं कर्युं. नहीं छोडत, तो आज तमे मने आ पूछवा आवत ज नहीं."

सोडली म्हणूनच मी हे विचारायला जिवंत होतो, असं तिचं म्हणणं. बिडी सुटली की पाच-सहा किलो वाढतात, असं तिने समजावलं. त्याला घाबरायचं नाही, ते सावकाश उतरवता येतं आणि थोडं राहिलं तरी बिडीपेक्षा बरं. पण दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, पाय सुजले, आडवं झाल्यावर दम लागला, तर ते खाण्याचं वजन नसतं. तेव्हा उपाशी राहत बसायचं नाही, दवाखान्यात यायचं. एवढी एक गोष्ट या सगळ्या लिखाणातून लक्षात ठेवली तरी चालेल.

* * *

वॉर्डात नऊ दिवस होतो. पहाटे वजन, मग इंजेक्शन, मग सारखी लघवी, तीही मापाच्या डब्यात. दिवसाला मोजून एक लिटर पाणी. तहान काय असते ते मला तिथे कळलं. बिडीची तलफ तिच्यापुढे काहीच नाही. वॉर्डातली एक मावशी दुपारी येऊन बर्फाचा बारका तुकडा जिभेवर ठेवायची आणि ओठांवर बोट ठेवून निघून जायची. त्या तुकड्याची मी सकाळपासून वाट बघायचो.

गोपाल बाहेर आईवर ओरडला ते मला आत ऐकू आलं. "तूच बिडी आणलीस! मारून टाकायचंय का पप्पांना?" मला उठून सांगायचं होतं की भात सोडायला तू सांगितलंस, ताक मी पीत होतो, आकडा रघुनाथ लिहीत होता, आणि सगळे मिळून हसत होतो. पण नळ्या लावलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी गोपालने तिच्यासाठी घरून डबा आणला आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसून राहिला. माफी आमच्या घरात अशीच मागतात.

शेजारच्या खाटेवर माझ्याच वयाचा एक माणूस होता, बांधकामावरचा गवंडी. त्याचे पाय माझ्यापेक्षा सुजलेले. तो दर तासाला माझ्याकडे बिडी मागायचा, फक्त हातात धरायला दे म्हणायचा. सातव्या दिवशी सकाळी मला तपासणीला खाली नेलं. परत आलो तर त्याच्या खाटेचं रबर पुसून वाळत घातलेलं होतं.

माझं दहा किलो पाणी उतरलं. आरशात बघितलं तर गाल आत, मान बारीक, डोळ्यांखाली खड्डे. भेटायला आलेला रघुनाथ म्हणाला, "दादा, पार वाळलास रे." त्याला वाईट वाटत होतं. मला पहिल्यांदाच पाठ टेकून झोप लागत होती.

* * *

घरी आल्यावर मी गावी फोन लावला. आनंदादादाच्या बायकोने उचलला. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, "वहिनी, शेवटी शेवटी दादाचे पाय दाबले तर खड्डा पडायचा का?"

"हा, पडे ना भाऊ," ती म्हणाली. "बोट दाबं का खड्डा पडे. पोरे हासेत, परत परत दाबेत. काब्रं इचारस?"

आमची पोरं त्याच्या पायाशी खेळत होती आणि तो ओट्यावर बसून झोपत होता. सगळे म्हणत होते, बिडी सुटली, अंग धरलं. मी वहिनीला म्हणालो, सहज विचारलं. पुढे एखाद्या दिवशी समोर बसून सांगेन, फोनवर जीभ उचलली नाही.

* * *

आता घरात एक काचेचा काटा आहे. रोज सकाळी संडास झाल्यावर, चहाच्या आधी, त्यावर उभं राहायचं. माझं पाणी नसलेलं वजन एकसष्ट. त्यातले सहा-सात किलो लारीचे आहेत, ते मी हळूहळू उतरवतोय. खिशात भाजलेली बडीशेप असते, मीठ न लावलेली. गाजर चिरून डब्यात नेतो. बिनमिठाची भाजी पहिले आठ दिवस गवतासारखी लागली आणि मी एकदा ताट सरकवलं. सुमनने ते ताट उचललं, समोर बसून तीच भाजी स्वतः खाल्ली. तेव्हापासून घरात सगळ्यांचं एकच जेवण शिजतं. गोपाल वरून मीठ घेतो, पण माझ्याकडे पाठ करून.

भूक लागते. तलफही येते, कधी कधी इतकी की हात खिशाकडे जातो. येते आणि जाते, मी तिला जाऊ देतो. सांगायला सोपं आहे, करायला रोज नव्याने करावं लागतं.

गेल्या मंगळवारी काट्यावर बासष्ट आलं. गोपालच्या मित्राचं लग्न होऊन गेलं होतं, म्हटलं पुरी-श्रीखंडाचं असेल. बुधवारी साडेबासष्ट. गुरुवारी त्रेसष्ट. मी उतरलो, काटा भिंतीपासून सरकवला, पुन्हा चढलो. त्रेसष्टच.

सुमनला अक्षर येत नाही, आकडा मीच सांगतो. आतून तिने विचारलं, "कितलं शे?"

"एकसष्ट," मी म्हणालो. तोंडातून आपोआप निघालं. तिन्ही दिवस हेच सांगितलं होतं.

"बरं," ती म्हणाली.

काट्यावरचा आकडा विझला. मी तिथेच उभा राहिलो. तो आकडा माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हता, आणि मी गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलाही नसता. मला पुन्हा तिथे जायचं नव्हतं. ती तहान नको होती, ती पुसलेली खाट नको होती. दिवसभर अर्धी भाकरी खाईन, उद्या कमी भरेल, असं मी मनाशी म्हणालोसुद्धा. मग ते वाक्य माझंच मला ओळखीचं वाटलं.

"सुमन," मी हाक मारली. "खोटं बोललो. त्रेसष्ट आहे. मंगळवारपासून चढतंय."

ती बाहेर आली. रागावली नाही. खाली बसून तिने माझ्या चपलेचा पट्टा दाखवला, तो शेवटच्या भोकात गेला होता.

"माले कालदिनच मालूम पडनं," ती म्हणाली. "गोपालले आज सुट्टी लेवाले सांगेल शे. तुम्ही सांगतस का नही, तेच मी देखी राहिनू व्हतू."

तिने दाराच्या मागे हात घातला आणि पिशवी पुढे ओढली. तीत माझे दोन लेंगे, टॉवेल, औषधांचा डबा आणि मागच्या वेळचे सगळे कागद होते.

"भरेल शे," ती म्हणाली. "चाला."